भेग किती हलते?

जुन्या जाड दगडी भिंती बाहेरून अखंड दिसत असल्या, तरी त्यांतील पुष्कळशा तीन थरांच्या असतात. दोन्ही अंगांना घडीव दगडांचा किंवा विटांचा दर्शनी थर आणि मधल्या जागेत चुन्यात कालवलेल्या गोट्यांचा भराव. वरचे ओझे शतकानुशतके सोसताना हा भराव हळूहळू दबत जातो, ज्याला अभियंते ‘क्रीप’, म्हणजे कायम भाराखाली होणारी अतिशय संथ विरूपता, म्हणतात. परिणामी भार दर्शनी थरांवर सरकतो, भिंतीला पोट सुटते आणि बारीक उभ्या भेगा दिसू लागतात. इटलीतील पाव्हिया शहराचा मध्ययुगीन मनोरा १७ मार्च १९८९ रोजी, भूकंप वा वादळ काहीही नसताना, याच संथ दुखण्याने कोसळला आणि त्यात चार जणांचा जीव गेला.

भेग दिसली की धोका आला, असे मात्र नसते, कारण दगड उन्हाने प्रसरण पावतो, थंडीत आकसतो आणि त्याबरोबर भेगही ऋतूनुसार मिटते-उघडते. म्हणूनच भेगेच्या दोन्ही काठांवर बसवलेला, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचा फरक टिपणारा संवेदक आणि शेजारचा तापमापक यांच्या नोंदी एकत्र वाचाव्या लागतात. तापमानाचा वाटा वजा केल्यावरही जी रुंदी वर्षागणिक साचत जाते, तीच खऱ्या दुखण्याची खूण. चार-सहा महिन्यांच्या नोंदींवरून दिलेला निर्वाळा, उपकरणे कितीही महागडी असली, तरी भरवशाचा नसतो.

पाव्हियाच्या दुर्घटनेनंतर दहाच महिन्यांत पिसाचा झुकता मनोरा लोकांसाठी बंद झाला, कारण त्याच्याही संगमरवरी थरांच्या आत भरावच आहे. सुदैवाने त्याच्या कलाची मोजणी १९११ पासून होत होती आणि १९३४ पासून आत लंबकही टांगलेला होता. सप्टेंबर १९९५ मध्ये पायाच्या कामासाठी द्रवरूप नायट्रोजनने जमीन गोठवली जात असताना, एरवी वर्षभरात व्हायची तेवढी हालचाल मनोऱ्याने काही दिवसांतच केली; उपकरणांवर ती लगेच दिसली, म्हणून काम थांबवून उत्तरेच्या बाजूला शिशाचे आणखी ठोकळे रचता आले. पुढे १९९९ ते २००१ या काळात उत्तरेकडील पायाखालची माती थोडी थोडी काढून सुमारे साडेपाच अंशांचा कल जवळजवळ अर्ध्या अंशाने कमी केला गेला आणि रोज किती माती काढायची, हे हाती आलेल्या नोंदी पाहूनच ठरत असे.

आपल्याकडील देवळे, वाडे आणि तटबंद्या यांच्यासाठी एवढी सामग्री लगेच मिळणे अवघड आहे, पण भेगेवर आडवी काचेची पट्टी पक्की चिकटवून शेजारी तारीख लिहिण्यास काहीच खर्च येत नाही. पट्टी तडकली, तर भेगेवर गिलावा चढवण्याआधी अभियंत्याला बोलवावे.