पांढरीवरचं गजपृष्ठ

तामलवाडीत वाट विचारणाऱ्याला बहुधा तुळजापूरच गाठायचं असतं. सोलापूरहून तुळजापूरला जाणारा हमरस्ता गावाला लागूनच जातो. कोजागिरीच्या आसपास तो गाड्यांचा राहतच नाही. अनवाणी पावलांची रीघ लागते, आई राजा उदो उदोचा गजर चालतो, चहापाण्याचे मांडव पडतात. इथल्या पोराला ‘यात्रा’ या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मीही त्याच रस्त्याने निघालो होतो. तुळजापूरला घाट चढून देवीला हात जोडले आणि पुढे धाराशिवमार्गे तेरला गेलो. धाराशिवपासून तेर वीसेक किलोमीटर, तेरणा नदीच्या काठी.

महाराष्ट्रात बौद्ध वास्तू पाहायची म्हणजे डोंगर चढायचा, अशी आपली सवय. कार्ले, भाजे, जुन्नर, अजिंठा, सगळीकडे पायऱ्या, कातळ आणि धाप. तेरला चढ नाही. एसटीतून उतरलं की पाराजवळून गल्ल्या सुरू होतात. दारात बांधलेली जनावरं, ओट्यावर वाळत घातलेल्या डाळी. अशाच वस्तीत विष्णूचं त्रिविक्रम मंदिर आहे. समोर चौकोनी, सपाट छताचा मंडप. तेवढाच पाहून परत फिरलात तर काहीच पाहिलं नाही.

मंडपामागे नजर वर गेली की छत गोल दिसतं. बसलेल्या हत्तीची पाठ असावी तसं. वास्तुशास्त्रात याला गजपृष्ठ म्हणतात, आणि नाव ठेवणाऱ्याने हत्ती नीट पाहिलेला असणार. पुढची भिंत सरळ, वर घोड्याच्या नालासारखी कमान. कार्ल्याच्या दर्शनी भागाच्या माथ्यावर असते तीच कमान, फक्त इथे विटांत. मागची भिंत अर्धवर्तुळात वळलेली. चैत्यगृहाचा आराखडा असाच असतो: लांबट दालन, गोल शेवट, त्या गोलाईत स्तूप आणि भोवती फिरायला वाट. आता आत स्तूप नाही. एक पाय वर उचललेला, तिसऱ्या पावलाला जागा मागणारा त्रिविक्रम उभा आहे.

ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृहाची, हे पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. साधारण चौथ्या ते सहाव्या शतकातलं हे बांधकाम असावं, असं अभ्यासक मानतात. अशी दुसरी विटांची वास्तू पाहायला पार आंध्रात चेजर्ल्याला जावं लागतं. तिथल्या कपोतेश्वराच्या मंदिराचीही पाठ अशीच गोल, आणि तिथेही आता हिंदू देव. गजपृष्ठ आकार फक्त बौद्धांचाच नव्हता, हा आक्षेप रास्त आहे. पण याच गावच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले आहेत. ते लक्षात घेतलं की कझिन्सचं म्हणणं मला पटतं.

या वास्तूचं मोल कशात आहे ते आधी सांगतो. लेण्यांतलं छत पाहताना वर फासळ्यांसारखे वासे दिसतात. भाज्यात आणि कार्ल्यात तर खरे लाकडी वासे बसवलेले आहेत. डोंगराच्या पोटात छताला आधार लागत नाही, मग वासे कशाला? कारण लेणं कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोकळ्यावर बांधलेली घरं होती, लाकडाची आणि विटांची. त्यांचं रूप त्यांनी दगडात उतरवलं. लाकूड कुजलं, विटा लोकांनी उचलून नेल्या, आणि आपल्याकडे राहिल्या त्या दगडातल्या प्रतिकृती. बांधलेल्या चैत्यगृहांच्या कुळातलं एखादं घर अजून छतासकट उभं असेल, तर ते पाहायला तेरला, नाहीतर चेजर्ल्याला जावं लागतं.

मग तेरला वीटच का? गावाभोवती फिरलं की उत्तर पायाखाली लागतं. कोरायला कातळाचा डोंगर जवळ नाही. आहे ती माती. आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली की राख, शेण, पडलेल्या भिंती, फुटकी मडकी यांनी मातीचा रंगच पालटतो. तेरची पांढर टेकाडांसारखी उंच झाली आहे. पावसानं धुपलेल्या एका कडेला मी उकिडवा बसलो तर दोन हातांच्या उंचीत थर दिसले: राखेचा करडा पट्टा, खापरांची ओळ, मग विटेचा लाल तुकडा. आजच्या विटेपेक्षा तो चांगलाच जाड होता. बोटानं चाचपला आणि होता तिथेच राहू दिला.

या गावाचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये ते आलं आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोचला जायची आणि तिथून समुद्रापार. कोकण-कोल्हापूरचे शिलाहार राजे पुढे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत राहिले. पण तगर नेमकं कुठं, हे मात्र विसरलं गेलं. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर म्हटलं, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर सुचवलं. 1901 मध्ये जॉन फ्लीट यांनी तेरवर बोट ठेवलं, आणि पुढच्या उत्खननांनी ते पक्कं केलं.

त्या व्यापाराचा पुरावा गावातच पाहायला मिळतो, आणि त्याचं श्रेय इथल्याच एका माणसाचं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या: मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती. आज त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय तेरला आहे. आमच्याकडे जुनं काही सापडलं की ते मोडीत जातं किंवा गुपचूप विकलं जातं. तिथे एका गृहस्थाने ते गावासाठी राखलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती हातात मावेल एवढी आहे, दागिन्यांनी मढलेली. तिच्या जातकुळीची हस्तिदंती मूर्ती 1938 मध्ये इटलीत पाँपेईच्या उत्खननात मिळाली. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथे पोहोचली होती. तेरणाकाठच्या आणि पाँपेईच्या घरांत एकाच तऱ्हेची मूर्ती असावी, या विचारानं मी त्या काचेसमोर बराच वेळ रेंगाळलो.

वारकऱ्यांना मात्र तेर माहीत आहे ते गोरोबाकाकांचं. गोरा कुंभारांची समाधी इथेच, नदीकाठी. चैत्र वद्य एकादशीला यात्रा भरते. संतांच्या मेळ्यात काकांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ती कथा घरोघर सांगतात. ज्या गावचा चैत्य भाजलेल्या मातीचा, त्याच गावचा संतही माती तुडवणारा निघाला. या दोन गोष्टींत काही दुवा आहे असं मी म्हणणार नाही, पण गावात फिरताना त्या मनात एकमेकींशेजारी येऊन बसतात.

मंदिरात परतलो तेव्हा एक आजी दिवा लावत होत्या.

“कुठनं आलाव?”

“तामलवाडीहून. तुळजापूरकडचं.”

“मग आईचं दर्शन झालं आसंल. आता हितलं बी घ्या.”

हे मूळ बौद्धांचं होतं म्हणतात, ठाऊक आहे का, असं मी विचारलं. त्यांनी वात सारखी केली. “व्हय, सांगत्यात की. लोक येत्यात, फोटो काढत्यात, हात जोडत्यात. दिवा तर रोज लावावाच लागतो.”

ही वास्तू टिकली ती त्या दिव्यामुळे, असं मला वाटतं. ज्या स्तूपाशी कोणी दिवा लावेना, तो टेकाडाखाली गेला. इथला देव बदलला, पण छत गळलं तर बुजवणारं, रोप उगवलं तर उपटणारं कोणी ना कोणी राहिलं. मूळ स्तूप गेला याची हळहळ मला आहेच. बुद्धाला शरण जाणारे आज इथे येतात आणि त्या गोल भिंतीकडे आपलं म्हणून पाहतात, तो त्यांचा हक्कच आहे. दारावरच्या फलकावर ही सगळी हकिकत ठळक मराठीत असावी, एवढं मात्र मनापासून वाटतं.

निघण्याआधी मागच्या बाजूला गेलो. चौकोनी देवळाच्या कोपऱ्यावर पाऊल थबकतं, मग वळतं. इथे भिंतच वळत जाते. उन्हाने तापलेल्या विटांची ऊब हाताला लागत होती. अर्ध्या वळणावर गल्ली दिसेनाशी झाली, फक्त वर हत्तीची पाठ आणि तिच्यावर बसलेले पारवे. भिंतीवरचा हात न काढता मी पुढे आलो, तर आजींचा दिवा समोर होता.