हातातली गिरणी

शेगावहून संग्रामपूरकडे निघालं की पूर्णा ओलांडावी लागते. दोन्ही काठांना खोल, काळीभोर जमीन, त्यात कपाशी, तूर, हरभरा. नवख्याला हा मुलूख सुखी वाटावा. पण विहिरीच्या पाण्याची चूळ भरली की कळतं. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला हा खारपाणपट्टा. या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. विहीर भरलेली असली तरी तिच्यावर ओलीत करायला शेतकरी धजत नाही, कारण ते पाणी वर्षानुवर्षं दिलं की जमीनच चोपण होते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत किडनीच्या आजाराची चर्चा कित्येक वर्षांची आहे. या भागासाठी वान धरणातून १४० गावांना पाणी देणारी योजना आखली गेली, तिच्यामागे या आजाराच्या भीतीचाही रेटा होता. खाऱ्या पाण्यानेच किडनी जाते, असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा मात्र अजून हाती नाही. आंध्र प्रदेशातल्या उद्दानम भागात आणि श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातही शेतकऱ्यांच्या किडन्या अशाच निकामी होत आल्या आहेत. तिथेही पाणी, ऊन, रसायनं असे अनेक धागे तपासले गेले, पण एकच एक कारण सिद्ध झालं नाही. मधुमेह आणि रक्तदाब तर सगळीकडेच आहेत. शिवाय दिवसभर कापूस वेचून दुखणारी कंबर आणि त्यावर रोज घेतलेली दुखण्याची गोळी, हेही किडनीला सोसत नाही.

कारणाचा वाद चालू राहील. मला लिहायचं आहे ते डायलिसिसच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या डाव्या हाताबद्दल.

अशा एका शेतकऱ्याच्या घरी मी बसलो होतो. वय पन्नाशीच्या आतलं. त्यांनी बाही वर सारली. कोपराच्या आतल्या बाजूला दोरखंडासारखी फुगलेली शीर, तिच्यावर सुयांच्या खुणांची रांग. "हात लावून पाहा भाऊ, गिरनी चालूच रायते रातंदिस." मी बोटं टेकवली. कातडीखाली खरोखरच काहीतरी घरघरत होतं. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यावर लागते तशी बारीक, न थांबणारी थरथर. याला डॉक्टर फिस्टुला म्हणतात. गावात 'हाताचं ऑपरेशन' एवढंच नाव आहे.

फिस्टुला म्हणजे शरीरात जिथे वाट नसावी तिथे झालेली वाट. आपल्याला ठाऊक असलेला फिस्टुला म्हणजे भगंदर. गुदद्वाराजवळच्या ग्रंथीत पू होतो, गळू फुटतं आणि आतून बाहेर एक नळी तयार होते. सुश्रुताने भगंदराची गणना आठ महारोगांत केली आणि त्याचे पाच प्रकार सांगितले. तो सहसा गोळ्यांनी बरा होत नाही. वाहत राहिला तर शस्त्रक्रिया किंवा क्षारसूत्र (औषधी धागा) यांचाच मार्ग उरतो. हातातला फिस्टुला याच्या अगदी उलट. तो आजार नव्हे. ती वाट सर्जन मुद्दाम काढतो.

का काढतो, हे शेतकऱ्याला चटकन कळेल. निकामी किडनीऐवजी रक्त गाळणाऱ्या डायलिसिसच्या यंत्राला मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर रक्त लागतं. हातावर दिसणारी निळी शीर म्हणजे शेतातला दांड; तिच्यात एवढा ओघ नसतो. धमनी म्हणजे कालवा. ओघ भरपूर, पण ती खोल असते आणि तिच्यात वारंवार सुई खुपसणं धोक्याचं. मग मनगटाजवळ किंवा कोपरापाशी धमनीला शीर जोडतात. कालव्याचं पाणी दांडात वळलं की दांड रुंदावतो, तशी शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा सुया सोसायला ती तयार होते. हात बधिर करून साधारण तासा-दीड तासात हे ऑपरेशन होतं.

ही युक्ती न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, माजी सैनिकांच्या रुग्णालयात निघाली. त्याआधी १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातावर बाहेरून टेफ्लॉनची नळी बसवून वारंवार डायलिसिस शक्य केलं होतं. पण त्या नळीत गुठळ्या व्हायच्या, जंतू शिरायचे. जेम्स सिमिनो आणि मायकेल ब्रेशिया यांनी बाहेरची नळीच टाळायचं ठरवलं. १९६५ मध्ये सर्जन केनेथ ॲपेल यांनी मनगटावर पहिली जोडणी केली आणि १९६६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो लेख आला. त्याला सुमारे साठ वर्षं झाली, तरी तज्ज्ञांची पहिली पसंती बहुतेक वेळा तीच जोडणी आहे.

आता खरी अडचण. फिस्टुला आज केला आणि उद्या वापरला, असं होत नाही. तो पिकायला किमान सहा आठवडे, अनेकदा दोन-तीन महिने लागतात, आणि काही फिस्टुले पिकतच नाहीत. म्हणून किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला १५ ते २० मिलिलिटरच्या घरात घसरली आणि डायलिसिस अटळ दिसू लागलं की तेव्हाच हे ऑपरेशन करून ठेवायला हवं. पण त्या टप्प्यावर माणूस शेतात चालता-फिरता असतो. पायावर थोडी सूज, तोंडाला चव नाही, एवढंच. "मले तं काहीच होत नाही, मंग काहून कापू हात?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकला. मग एका रात्री धाप लागते, गाडी करून शहर गाठावं लागतं आणि मानेत तात्पुरती नळी घालून डायलिसिस सुरू होतं. त्या नळीतून जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. थंडी वाजून ताप येतो, तो कधीकधी जीवही घेतो.

दुसरं नुकसान त्याआधीच झालेलं असतं. अंगात कणकण आली की सलाईन लावायची आपल्याकडची रीत, आणि सलाईन लागते ती बहुधा डाव्या हाताला, कारण उजवा जेवायला मोकळा हवा. वारंवार टोचलेल्या शिरा कडक होतात, बुजतात. त्या शेतकऱ्याचा मनगटावरचा फिस्टुला जमला नाही, दुसऱ्यांदा कोपरापाशी करावा लागला, तो याच कारणाने. किडनीचा आजार कळला त्या दिवसापासून ज्या हाताने लिहीत-जेवत नाही, तो हात राखून ठेवावा, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. याचं मला फार वाईट वाटतं. हे सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

फिस्टुला सगळ्यांनाच हवा असं नाही. हृदय फार कमकुवत असेल, पोटातून डायलिसिस करायचं ठरलं असेल किंवा प्रत्यारोपण लगेच होणार असेल, तर डॉक्टर वेगळा विचार करतात. झालेल्या फिस्टुलालाही पुन्हा सर्जनची गरज पडते. थरथर थांबली तर आत गुठळी झाली असं समजून त्याच दिवशी निघावं. उशीर झाला की तो वाचवणं कठीण. बोटं गार, निळी पडून दुखू लागली तर रक्त हाताला न पोचता परस्पर वळतंय. फुगवट्यावरची कातडी पातळ, चकचकीत झाली तर ती फुटू शकते. फुटलीच तर नुसतं फडकं गुंडाळू नये. नेमक्या जागी बोटाने घट्ट दाबून धरावं आणि १०८ला फोन लावावा.

२०१६ साली केंद्राने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, २०२४ मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. यंत्रं जवळ येत आहेत. फिस्टुला करणारा हातही जिल्ह्यात असावा, एवढं या महाविद्यालयाकडून मागावंसं वाटतं.

एका डायलिसिसला चार तास आणि सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागतं, हे मी सांगितलं तेव्हा त्या शेतकऱ्याच्या घरच्या बाई चुलीपुढे थांबल्या. दारातल्या पिंपाकडे पाहून म्हणाल्या, "येवढं गोड पानी तं आमाले हप्ताभरात नाही भेटलं कधी." रात्री त्या दोनदा उठतात. नवरा झोपलेला असतो. त्याच्या कोपरावर बोटं ठेवून गिरणी चालू आहे ना, एवढं बघतात आणि परत आडव्या होतात.