आठी की सुरकुती?

चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येरमाळ्यात चुनखडी वेचायची असते. येडेश्वरीची पालखी डोंगरावरून खाली आमराईकडे येते आणि रानात बाया-माणसं वाकून पांढरे खडे वेचत असतात. ऊन असं, की त्या दिवशीचा कुठलाही फोटो बघा, एकही कपाळ सपाट सापडणार नाही. भुवया आत ओढलेल्या, डोळे बारीक, डोळ्यांच्या कोपऱ्यांना कोंबडीच्या पायासारख्या रेघा.

असाच एक फोटो वहिनींनी मला पाठवला आणि मागोमाग फोन केला. "भाऊजी, मे महिन्यात पोरीचं लग्न आलंय. माझ्या कपाळावरची ही रेघ बघितली का? पार्लरवाली म्हणती बोटॉक्स करा नाहीतर फिलर करा, दोन्ही एकच. तुम्ही आरोग्यावर लिहिता, तर सांगा, कुठलं स्वस्त पडंल?"

वहिनी अठ्ठेचाळीस वर्षांच्या. दुसऱ्या दिवशी समोर बसल्या तेव्हा त्यांनी ती पार्लरची जाहिरात मला वाचून दाखवली, मोबाईल हातभर लांब धरून.

दोन्ही एकच, हा या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज, आणि तो खोडायला आपली भाषाच पुरेशी आहे. आपण आठी 'घालतो'. सुरकुती कुणाला घालता येत नाही; ती पडते. आठी हे स्नायूचं काम, सुरकुती ही कातडीची झीज. बोटॉक्स स्नायूवर चालतं. फिलर कातडीखाली भर घालतं. आठीवर फिलर टोचून घेणं म्हणजे दार करकरतंय म्हणून भिंतीला गिलावा करणं.

ओळखायचं कसं? आरशासमोर उजेडात बसा आणि चेहरा सैल सोडा. आता भुवया आवळा. आवळल्यावरच दिसते आणि सोडल्यावर पुसली जाते, ती निव्वळ आठी. सोडल्यावरही रेघ शिल्लक राहते, ती आठीची सुरकुती झालेली. तिथे बोटॉक्सनं रेघ उथळ होते, पण पुरती जाईलच असं नाही. आणि नाकाच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घळ असते ना, तिचं कारण वेगळं. गालाखालची चरबी आणि हाड वयाबरोबर कमी होतं, वरचं आवरण खाली सरकतं. फिलरचं मुख्य काम तिथे, गालावर आणि ओठांत. ढोबळमानानं डोळ्याच्या वरचा चेहरा बोटॉक्सचा, खालचा फिलरचा. अपवाद आहेत, पण निवड सुरू इथून होते.

"पण ते तर विष असतंय म्हणं?" वहिनींचा पुढचा प्रश्न.

असतं. 'क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम' नावाच्या जिवाणूचं ते विष, आणि माणसाला माहीत असलेल्या अतिजहाल विषांपैकी एक. १८२० च्या सुमारास जर्मनीत युस्टिनुस केर्नर या डॉक्टरनं खराब सॉसेज खाऊन लुळी पडून मेलेल्या माणसांच्या नोंदी केल्या. लॅटिनमध्ये सॉसेजला 'बोट्युलस' म्हणतात, तेच नाव रोगाला चिकटलं. १८९५ मध्ये बेल्जियमच्या एका खेड्यात अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या वाजंत्र्यांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. त्यातले तिघे दगावले. त्या मांसातून एमिल व्हान एर्मेंगेम यांनी हा जिवाणू शोधून काढला.

मज्जातंतू स्नायूला 'आवळ' असा निरोप एका रसायनामार्फत देतो. हे विष तो निरोप अडवतं, एवढंच त्याचं काम. पण छातीचे स्नायू अडले तर श्वास थांबतो आणि भुवईचा चिमूटभर स्नायू अडला तर आठी थांबते. फरक मात्रेचा आणि जागेचा. उंदराच्या हिशेबानं ठरवलेल्या 'युनिट'मध्ये ते मोजतात. दोन भुवयांमधल्या आठीसाठी मूळ बोटॉक्सची ठरलेली मात्रा २० युनिट आहे. मोठ्या माणसाच्या जिवावर बेतणारी मात्रा, माकडांवरून काढलेल्या अंदाजानुसार, अडीच-तीन हजार युनिटच्या घरात जाते. म्हणजे विष खरं, पण भुवईपुरतं दिलं तर भीती अनाठायी. पोटाशी बाळ असेल, बाळ अंगावर पीत असेल किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल, तर मात्र नको.

आणि ते जन्माला सौंदर्यासाठी आलेलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरलं. अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली ती १९८९ मध्ये, तिरळेपणा आणि पापण्यांच्या आवळण्यासाठी. व्हँकुव्हरच्या जीन कॅरुथर्स पापण्यांसाठीच ते टोचत असत. एकदा एक बाई रागावली: आज भुवयांमध्ये का टोचलं नाही? तिथे टोचलं की चेहरा कसा निवांत दिसतो! जीनबाईंचे यजमान त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून १९९२ मध्ये निबंध छापला, आणि २००२ मध्ये अमेरिकेनं आठ्यांसाठी मान्यता दिली. आज हेच औषध जुनाट अर्धशिशीला, काखेतल्या अतिघामाला, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या ताठरलेल्या पायांना देतात. मला विचाराल तर त्याचा खरा मान तिथे आहे.

भीती बाळगायची तर ती औषधाची नको, बाटलीची बाळगा. २००४ मध्ये फ्लॉरिडात चार जणांना प्रयोगशाळेसाठीचं, माणसासाठी नसलेलं विष टोचलं गेलं. चौघंही लुळे पडून कृत्रिम श्वासावर गेले. त्यात टोचणारा डॉक्टरही होता. २०२४ मध्ये अमेरिकेतच बनावट किंवा अयोग्य हातांनी टोचलेल्या इंजेक्शनांमुळे ११ राज्यांतल्या २२ बायका आजारी पडल्या. म्हणून खोकं आपल्यासमोर फोडायला लावावं. नाव, बॅच आणि मुदत वाचावी. मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर उत्तम.

बाटली थंडही राहायला हवी, २ ते ८ अंशांत. पोलिओच्या डोसाचा तो निळा डबा गावात सगळ्यांनी पाहिलाय. ही त्याच जातीची काळजी. भारनियमनात ज्या फ्रीजमधलं दही आंबतं, त्या फ्रीजमधलं बोटॉक्स घेऊ नये. पावडरीत सलाईन मिसळून ते तयार करतात, आणि मिसळल्यावर कंपनीच्या सूचनेप्रमाणे २४ तासांत वापरायचं असतं. स्वस्ताईची मेख इथेच असते. पाणी जास्त घातलं की बाटली जास्त चेहऱ्यांना पुरते. म्हणून 'एका सिटिंगचे किती' असं विचारू नये, 'किती युनिट देणार आणि युनिटला काय दर' असं विचारावं. त्यातही एका कंपनीचं युनिट दुसरीच्या बरोबरीचं नसतं: एकाचे २० तिथे दुसऱ्याचे ५० लागतात. बार्शीचा शेर आणि कळंबचा शेर वेगळा असावा, तसं.

"बोटॉक्स क्रीम", "बोटॉक्स फेशियल" या पाट्यांवर फार वेळ घालवत नाही. हा रेणू इतका मोठा आहे, की नुसता चोळून तो धड कातडीतून स्नायूपर्यंत पोचत नाही. पार्लरमध्ये चोळतात ते दुसरंच काहीतरी असतं. नाव तेवढं उसनं.

चेहरा दगडासारखा होतो, हे अर्धं खरं. मात्रा जास्त झाली किंवा जागा चुकली तर भुवई जड होते, क्वचित पापणी खाली लोंबते. ते आठवड्यांत ओसरतं, पण लग्न मात्र त्या आठवड्यांतच असतं. एकदा घेतलं की जन्मभर घ्यावं लागतं, नाहीतर चेहरा दुप्पट सुरकुततो, हे साफ खोटं. असर तीन-चार महिन्यांत उतरतो आणि आठी होती तिथे परत येते. आरशाची सवय मोडलेली असते, म्हणून ती आधीपेक्षा खोल वाटते.

आता फिलर. इथे लोक उलटी चूक करतात. बोटॉक्सला विष म्हणून घाबरतात आणि फिलरला 'आपल्या अंगातलाच पदार्थ' म्हणून निर्धास्त राहतात. पदार्थ अंगातला आहे हे खरं. हायल्युरोनिक आम्ल, पाणी धरून ठेवणारी साखरेची लांब साखळी. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ती गाईच्या डोळ्यातून वेगळी काढली. आपल्या कातडीत, सांध्यात, डोळ्यात ती असतेच, पण शरीर ती रोज मोडतं आणि रोज नवी घडवतं. म्हणून फिलरमध्ये साखळ्या एकमेकींत गुंतवून घट्ट करतात. मग ती भर सहा महिने ते दीड वर्ष टिकते.

धोका पदार्थात नाही, सुईच्या टोकाशी आहे. कपाळ, भुवयांमधली जागा आणि नाक इथल्या रक्तवाहिन्या आतून डोळ्याच्या रक्तवाहिनीला जोडलेल्या असतात. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं आणि दाबानं मागे सरकलं, तर डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा तुटतो. हे विरळ आहे, पण घडतं, आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. डोळा वाचला तरी रक्त अडून नाकाची किंवा ओठाची कातडी काळी पडून मरू शकते. टोचताना अचानक जबर कळ, कातडी पांढरीफटक, मग जांभळट जाळी, किंवा नजर अंधुक: यातलं एकही दिसलं तर 'सूज आहे, बर्फ लावा' हे उत्तर चालत नाही. डोळ्याचा पडदा रक्ताविना तास-दीड तासात हातचा जातो. येरमाळ्याहून सोलापूर गाठायलाच तेवढा वेळ लागतो.

यावर उतारा आहे: हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम. ते टोचलं की हे जेल विरघळतं. त्यामुळे फिलर घ्यायच्या आधी विचारायचा एकच प्रश्न मी वहिनींना पाठ करायला लावला: "विरघळवायचं इंजेक्शन आत्ता तुमच्या कपाटात आहे का?" मागवून घेऊ, असं उत्तर आलं तर उठून यायचं.

'फिलर आवडलं नाही तर विरघळवता येतं' हे मात्र सगळ्या फिलरना लागू नाही. फक्त हायल्युरोनिक आम्लाच्या फिलरना. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपटाइटचंही एक फिलर असतं. त्यातलं कॅल्शियम ऐकून वहिनी म्हणाल्या, "म्हंजी चुना लावतेत की!" चुना नव्हे, आपल्या हाडा-दातांत असतं ते खनिज, पण ते या एन्झाइमनं विरघळत नाही. काही फिलर तर कायमचे असतात. चेहरा वयाबरोबर हलतो, कायमची भर हलत नाही, आणि गाठी झाल्या तर कापून काढाव्या लागतात. पहिल्यांदाच घेणाऱ्यानं त्या वाटेला जाऊच नये. सिलिकॉनचं द्रव टोचू म्हणणाऱ्याकडे तर पुन्हा फिरकूही नये.

कोण टोचू शकतं? पार्लरमधल्या ताई कितीही हाताच्या हलक्या असोत, त्या नव्हेत. एका दिवसाचा कोर्स केलेला कुणीही नव्हे. नोंदणीकृत डॉक्टर हवा, त्यातही त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरी शिकलेला. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणं आणि चिठ्ठीवर, पावतीवर छापणं बंधनकारक आहे. तो दिसत नसेल तर विचारावा. विचारल्यावर समोरचा आठ्या घालत असेल, तर बोटॉक्सची गरज त्यालाच आहे.

दिवसांचं गणितही सांगितलं. बोटॉक्सचा असर तीन ते पाच दिवसांत दिसू लागतो, पुरता यायला दोन आठवडे. काही कमी-जास्त झालं तर नीट करायला आणखी दोन. म्हणजे हळदीच्या महिनाभर आधी. टोचल्यावर काही तास ती जागा दाबायची, चोळायची नाही; त्या दिवशी मळवट भरायचा नाही, आणि फेशियल तर नाहीच.

आमच्या भागात याहून मोठं नुकसान दुसरीकडेच होतं. एक, गोरं करणारी मलमं. त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं. महिनोन् महिने लावली की कातडी पातळ, लाल आणि केसाळ होते. २०१८ पासून अशी १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. दुसरं, ऊन. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन आपल्याला सुरकुत्यांपासून बरंच वाचवतं, पण पुरतं नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला: २८ वर्षं गाडी चालवून चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू बापाची वाटावी आणि उजवी मुलाची. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. सोलापूर-धुळे हायवेवर येरमाळ्याला चहाला थांबलेल्या जुन्या ड्रायव्हरचा उजवा गाल एकदा निरखून बघा. पदर, रुमाल, टोपी, सनस्क्रीन आणि डॉक्टरनं लिहून दिलेलं रात्रीचं रेटिनॉइड मलम, यांची जाहिरात पार्लरवाली करत नाही, कारण ते दर चार महिन्यांनी टोचावं लागत नाही.

एवढं सगळं ऐकून वहिनींनी आरशात भुवया आवळल्या, सोडल्या, परत आवळल्या. रेघ पुसली जात होती. निव्वळ आठी. "मग बोटॉक्सच," त्या म्हणाल्या, आणि युनिटचा हिशेब मांडायला मोबाईल हातभर लांब धरून डोळे बारीक केले. भुवया आत ओढल्या गेल्या. तीच रेघ.

"वहिनी, चष्म्याचा नंबर कधी काढलाय?"

कधीच काढला नव्हता. चार दिवसांनी बार्शीला जाऊन जवळचा चष्मा करून आणला. लग्नाच्या अल्बममध्ये त्यांचं कपाळ बऱ्यापैकी सपाट आहे. एकाच फोटोत आठी आहे ती पंगतीच्या वेळची, वाढपी कमी पडले तेव्हाची.