गोधडीचे भिजत घोंगडे

अनेक मराठी घरांच्या माळ्यावर एक बोचके असते. जुन्या साडीत गाठ मारून बांधलेले, दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी खाली उतरणारे आणि 'या वर्षी नक्की' असे म्हणत पुन्हा वर जाणारे. सोडून पाहिले, तर आत आईची किंवा सासूबाईंची सुती लुगडी, मुलांचे लहान झालेले झबले-फ्रॉक आणि त्यांच्यामध्ये घडी घातलेली, निम्मी शिवलेली गोधडी. सुई बऱ्याचदा तशीच टोचून ठेवलेली असते. तिला गंज चढून भोवतालच्या कापडावर तांबूस डागही पडलेला असतो.

गोधडी पुरी का झाली नाही, या प्रश्नाला 'माझाच आळस' असे उत्तर दिले जाते आणि ते देणारी बहुधा ती गोधडी शिवायला घेणारी गृहिणीच असते. प्रत्यक्षात थोडी आकडेमोड केली, तर हा आरोप टिकत नाही. दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद अशी साधी गोधडी घेतली आणि धावदोऱ्याच्या दोन ओळींत अडीच सेंटिमीटर अंतर ठेवले, तर साठ ओळी होतात. प्रत्येक ओळ दोन मीटरची. म्हणजे एकूण १२० मीटर शिवण. सेंटिमीटरला एक टाका धरला, तरी बारा हजार टाके. सरावाच्या हाताला एका ओळीस वीस मिनिटे लागली असे मानले, तर वीस तास. नवख्या हाताला तीस. कापड निवडणे, कापणे, जोडणे, थर अंथरणे आणि कडेला गोट लावणे यांचा वेळ यात धरलेलाच नाही.

आता हे वीस-तीस तास आणायचे कोठून? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९मध्ये देशभर वेळ-वापर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात आणि हे काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे, असे तीत आढळले. २०२४च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, तर पुरुषानेही आपली नऊ वाचवून घेतली! मुलांचे, वृद्धांचे व आजाऱ्यांचे करणे यात मोजलेले नाही. त्याची मिनिटे निराळी आहेत. शिवाय शहरातील नोकरी, लोकलचा किंवा बसचा प्रवास, मुलांचे क्लास. यातून उरतो तो वेळ सलग नसतो. कुकरच्या तीन शिट्ट्यांमधला, मुलगा पोहायला गेला असतानाचा, रात्री मालिका पाहतानाचा असा तो तुकड्या-तुकड्यांचा वेळ असतो.

गंमत अशी की, गोधडी हे मुळात तुकड्या-तुकड्यांच्या वेळेचेच काम. नवे कापड आणायचे नाही, मापाचा आग्रह नाही, टाका चुकला तर आकाश कोसळत नाही. संस्कृतातील 'कंथा', बंगालची 'कांथा', बिहारची 'सुजनी', उत्तर कर्नाटकातील 'कौदी' आणि दक्षिण महाराष्ट्रातील 'वाकळ' ही सारी या एकाच काटकसरीची नावे. नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटर लांब. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे एकावर एक घातले की, एका माणसापुरत्या गोधडीचे चार थर एकाच लुगड्यातून निघतात. वर लहान तुकड्यांची सजावट, खाली अखंड अस्तर, मध्ये जे काही विटलेले-फाटलेले असेल ते. पाश्चात्त्य क्विल्टमध्ये मधला थर कापसाचा किंवा कृत्रिम तंतूंचा असतो. आपल्याकडे जुने कापडच ते काम करते.

मग पूर्वी त्या पुऱ्या कशा होत? पूर्वीच्या बाईला वेळ अधिक होता, असा एक सोयीस्कर समज आहे. पाणी भरणे, दळण, शेण-गोठा आणि पाच-सहा मुले सांभाळणाऱ्या बाईला मोकळा वेळ होता असे म्हणणे धारिष्ट्याचेच. फरक होता तो हातांत आणि हंगामात. सुगी आटोपली, ऊन तापू लागले की चैत्र-वैशाखात गोधड्या अंथरल्या जात. पावसाच्या आत त्या पुऱ्या होणे गरजेचे असे, कारण एकदा पाऊस लागला की, ना अंगण मोकळे, ना ऊन. घरात पांघरुणाला दुसरा पर्यायही नसे. आणि मुख्य म्हणजे, अंथरलेल्या गोधडीच्या चारी बाजूंना सासू, जावा, शेजारीण, माहेरी आलेली लेक अशा चौघी-पाचजणी बसत. वीस तासांचे काम चौघींत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला पाच तास येतात. म्हणजे दोन दुपारी. जुनी गोधडी उलटी करून पाहिली, तर हात कोठे बदलला ते टाक्यांवरून कळते. एकीकडे बारीक, सरळ ओळी. मध्येच लांब, तिरके टाके, बहुधा एखाद्या शाळकरी मुलीचे. ते उसवून कोणी नीट केलेले नसतात.

शहरात गोधडी आली ती वळकटीतून. पुढे ब्लँकेट, रजई, दुलई स्वस्त झाल्या आणि गोधडीची गरज संपली. गरज संपली तशी ती हौस झाली, आणि हौस ही एकटीची असते. जे काम चार जणींच्या हिशेबाने घडले होते, ते एका बाईच्या फावल्या वेळेच्या भरवशावर येऊन पडले. अर्धवट गोधडीचे खरे मूळ येथे आहे.

अर्धवट गोधड्या तपासल्या, तर त्या वाटेल तेथे अडलेल्या दिसत नाहीत. अडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. तुकडे जोडण्याचे काम सुटसुटीत असते. चौकोन, त्रिकोण पिशवीत टाकून कोठेही नेता येतात. लोकलच्या महिला डब्यात भाजी निवडली जाते, क्रोशाचे रुमाल विणले जातात, तसे हेही होते. पण वरचा थर तयार झाला की, पुढची पायरी येते ती थर अंथरण्याची. चार थर सुरकुती न पडता एकावर एक घालायचे, ताणून सारखे करायचे आणि मधून बाहेर असे लांब-लांब कच्चे टाके घालून बांधून टाकायचे. याला दोन-अडीच तास सलग हवेत आणि तेवढा वेळ मोकळी जमीन हवी. वन-रूम-किचनमध्ये किंवा सोफा, टीपॉय, डायनिंग टेबलाने भरलेल्या दोन खोल्यांत दोन मीटर बाय दीड मीटर मोकळी फरशी दुपारभर मिळणे, ही सोपी गोष्ट नव्हे. वरचा थर मग घडी होऊन 'सुट्टीत पाहू' म्हणून कपाटात जातो. या पायरीला लागतो तो वेळ फार नव्हे, पण तो मोडून चालत नाही.

दुसरी अडण्याची जागा मध्यावर असते. नवेपण संपलेले, शेवट दृष्टिपथात नाही. तिसरी जागा कडांची. हे काम अवघ्या दोन संध्याकाळींचे. पण गोटासाठी साजेसे कापड मिळत नाही, या सबबीवर वर्षे निघून जातात.

हे दुखणे केवळ आपलेच नाही. अमेरिकेत क्विल्ट करणाऱ्या स्त्रिया अशा अपुऱ्या कामांना थट्टेने 'यूएफओ' म्हणतात. तिकडच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात केवळ वरचा थर जोडून झालेल्या, पुढे कधीच न शिवलेल्या क्विल्ट विक्रीला येतात. जोडणारी बाई गेली आणि काम तेथेच राहिले, एवढाच त्यांचा इतिहास. अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या क्विल्ट २००२मध्ये ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात मांडल्या गेल्या. शेतात वापरून झिजलेल्या कपड्यांच्या या गोधड्या. तेथेही तुकडे एकटीने जोडायचे आणि थर मात्र इतरजणींच्या सोबतीने शिवायचे, अशी पद्धत होती. सोबत मिळत नाही अशा स्त्रिया आज तयार झालेला वरचा थर लांब बाहूच्या मोठ्या यंत्रावर शिवणाऱ्या व्यावसायिकांकडे पाठवतात.

आपल्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात राहणाऱ्या सिद्दी स्त्रियांनी मात्र हा प्रश्न मुळातच निराळ्या तऱ्हेने सोडवला आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांचे बरेचसे वंशज या जंगलपट्ट्यात स्थिरावले. त्यांची बोली कोकणी वळणाची. त्यांची 'कवंदी' शिवताना वरचा थर आधी वेगळा जोडला जातच नाही. अस्तर घ्यायचे, कडेपासून ठिगळ ठेवत जायचे, ते ठेवता-ठेवताच धावदोऱ्याने आतल्या थरांसकट शिवायचे आणि फिरत-फिरत मध्याकडे यायचे. जोडणे आणि शिवणे एकच. त्यामुळे 'वरचा थर झाला, पुढचे राहिले' अशी अवस्थाच येत नाही. कडा सर्वांत आधी होतात. कोठेही थांबले तरी काम बिघडत नाही. शेवटी चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांचे त्रिकोण, म्हणजे 'फुले', बसवतात. फुलांवाचून कवंदी त्यांच्या लेखी उघडी-नागडीच. शहरातल्या मोडक्या वेळेला आणि अपुऱ्या जागेला ही पद्धत जितकी मानवते, तितकी मापात कापलेल्या चौकोनांची नक्षी मानवत नाही. नियतकालिकांत छापलेल्या नमुन्यांच्या मोहात पडणाऱ्यांनी हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुरी करू कधीतरी, घाई काय आहे, असेही म्हटले जाते. घाई आहे ती कापडाची. सुती लुगडे घडीत वर्षानुवर्षे पडून राहिले की, घडीच्या रेषेवरच विरते. जरीकाठाचे रेशीम त्याहून लवकर चिरते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बुरशी येते, कसर लागते. आजीची म्हणून जपलेली साडी आठ-दहा पावसाळ्यांनंतर सुईचा टाका धरीनाशी होते. त्यानंतर ती गोधडीच्या मधल्या थरातच घालता येते, वर मिरवता येत नाही. पुढच्या पिढीचा प्रश्न तर आणखी वेगळा. नायलॉन, पॉलिस्टर साड्यांचे दिवस आल्यापासून घरात मऊ सुती कापड साठणेच कमी झाले. कृत्रिम धाग्याचे थर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषत नाहीत, तान्ह्या बाळाच्या अंगाला तर नकोच वाटतात. आणि टाका शिकवणाऱ्या आजीची नजरही काही थांबून राहत नाही.

अडलेली गोधडी पुढे न्यायची, तर प्रथम ती नेमकी कोठे अडली आहे ते पाहावे. थर अंथरायचे राहिले असतील, तर रोजच्या अर्ध्या तासाचा संकल्प निरुपयोगी. त्यासाठी एक रविवार दुपार, एक मोकळी खोली आणि मदतीला दुसरे माणूस लागते. ते माणूस बाईच असले पाहिजे असे नाही. कापडाचे टोक ताणून धरायला नवरा किंवा वाढत्या वयाचा मुलगाही चालतो. घरात जागाच नसेल, तर इमारतीची गच्ची किंवा सोसायटीचे सभागृह दोन तासांसाठी मिळू शकते.

मधल्या धावदोऱ्यासाठी मात्र तुटक वेळ उत्तम. रोज दीड ओळ घातली, तर साठ ओळी चाळीस दिवसांत संपतात. हे जमायचे तर गोधडी हाताशी, दिसेल अशी हवी. माळ्यावरून उतरवण्यातच अर्धा तास गेला, तर टाका कधी घालायचा? दिवाणाच्या कोपऱ्यात ती घडी करून ठेवावी. सुया-दोरा-कात्री झाकणाच्या डब्यात ठेवावी. काम थांबवताना दोरा ओवून ठेवावा, पण सुई कापडात न ठेवता डब्यातील पिनकुशनला टोचावी. गंजाचे डाग टळतात आणि लहान मुलांचे पायही वाचतात. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोऱ्याने वेळ वाचतो हा भ्रम आहे, तो गुंत्यात जातो. त्याच छटेचा दोरा मिळाला नाही, तर दुसरा खुशाल घ्यावा.

पहिल्यांदाच शिवणाऱ्यांनी मोठी गोधडी हाती घेऊच नये. बाळाचे दुपटे नव्वद सेंटिमीटरच्या चौकोनाचे असते. त्याच अंतराने ३६ ओळी, म्हणजे जेमतेम साडेबत्तीस मीटर शिवण. मोठ्या गोधडीच्या पाव हिश्श्याहून थोडी अधिक. शिवाय बाळ येण्याची तारीख ठरलेली असल्याने हंगामाचे ते जुने बंधनही आपोआप परत येते.

काही गोधड्या आता पुऱ्या होणार नाहीत, हेही मान्य करावे लागते. ज्या बाळासाठी घेतली ते महाविद्यालयात गेले, हाताची बोटे दुखू लागली, किंवा नक्षीच आवडेनाशी झाली. अशा वेळी शिवून झालेला भाग वेगळा काढता येतो. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना यंत्रावर टीप मारावी, मग कापावे आणि गोट लावावा. दुपटे, देवापुढचे आसन, पायांवर घ्यायची शाल यांपैकी काहीतरी निघतेच. उरलेले कापड दुसऱ्या कोणाच्या गोधडीचा मधला थर होते.

ज्यांना आईचे लुगडे पुरी गोधडी होऊनच हवे आहे, पण हात रिकामे नाहीत, त्यांनी ते शिवायला देण्यात कमीपणा मानू नये. पुणे, कोल्हापूर, साताऱ्याकडे दारोदार फिरून गोधड्या शिवणाऱ्या बायका पूर्वीपासून होत्याच. आता अनेक बचत गट ऑर्डर घेतात. देताना कापड धुऊन, कडक उन्हात वाळवून द्यावे, कोणता तुकडा वर दिसायला हवा ते खूण करून सांगावे आणि हाताने शिवायची की यंत्रावर, हे आधीच ठरवावे. दोन्हींच्या मजुरीत बराच फरक पडतो आणि यंत्राची शिवण हाताच्या टाक्याइतकी मऊ बसत नाही. काम माघ-फाल्गुनात दिलेले बरे. पाऊस सुरू झाल्यावर गोधडी शिवून होते, पण धुतली तर वाळत नाही.