ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, तरी मेंदू गुदमरतो

तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं. कोविडपासून ऑक्सिमीटर गावोगाव पोचला आहे. लकवा मारलेल्या माणसाच्या बोटाला तो लावला, तर आकडा ९७ येऊ शकतो. घरच्यांना धीर येतो, आणि घात होतो तो इथेच. ते यंत्र बोटातल्या रक्ताचा ऑक्सिजन मोजतं. मेंदूतल्या, रक्ताच्या गुठळीने तुंबलेल्या रक्तवाहिनीपलीकडे काय चाललंय, हे त्याला कळत नाही.

ठाणे जिल्ह्यातल्या आटगावजवळच्या तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. जलवाहिनीच बंद पडली, तर धरण काठोकाठ भरून काय उपयोग? मेंदूचं तसंच आहे. त्याचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे २० टक्के. मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब अमेरिकेतले डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला.

मग नाकाला नळी लावून ऑक्सिजन दिला तर? ब्रिटनमध्ये ८००३ रुग्णांवर हे तपासलं गेलं. ऑक्सिजन पुरेसा असलेल्यांना वरून थोडा थोडा देऊन मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालं नाही, असा निष्कर्ष २०१७ मध्ये आला. कारण उघड आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने आधीच जवळजवळ भरलेलं असतं. म्हणून आकडा ९४च्या खाली गेला तरच ऑक्सिजन द्यायचा, असा आजचा रिवाज आहे.

पण गोष्ट तिथे संपत नाही. शुद्ध ऑक्सिजन जोरात दिला, तर थोडा वायू थेट रक्तद्रवात विरघळतो. मेंदूच्या मेलेल्या भागाभोवती अर्धमेल्या पेशींचा पट्टा असतो. आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून झिरपणारं रक्त त्याला कसंबसं जगवत असतं. हा जादा ऑक्सिजन तिथवर पोचतो. चीनमध्ये २८२ रुग्णांची गुठळी कॅथेटरने काढताना निम्म्यांना मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन ४ तास दिला. ९० दिवसांनी त्यांची अवस्था इतरांपेक्षा बरी होती. हा अभ्यास २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मला तो आशादायक वाटतो, पण त्यातला ऑक्सिजन गुठळी काढण्याच्या जोडीला होता. त्याच्या जागी नव्हे. घरच्या सिलिंडरने हे साधणार नाही.

म्हणून आटगाव-मुरबाडकडच्या माणसांसाठी खरा प्रश्न रस्त्याचा आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक ठरतं. तेल चोळत बसू नका, तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका. १०८ला फोन लावतानाच जवळचं सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय कुठलं, ते विचारा. आणि माणूस धडधाकट शेवटचा कधी दिसला, ती वेळ चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. झोपेतून उठतानाच हात लुळा असेल, तर घड्याळ रात्री झोपला तेव्हापासून धरतात. तेव्हाही जायचंच. काही रुग्णांची गुठळी २४ तासांपर्यंत काढता येते.