कच्च्या रस्त्याच्या फेरीला कोणती मोटारसायकल घ्यावी?

वाडीहून अमरावती रोडने कोंढाळीपर्यंत कोणतीही गाडी चालते. कस लागतो तो आतल्या गावांकडे वळल्यावर. पावसात काळी माती चाकाला धरते आणि कापडाच्या गठ्ठ्यांसह गाडी आडवी होते. एकट्याला ती उचलता आली नाही, तर दिवसाचा बाजार बुडाला. म्हणून व्यापारी बांधवांनी ताकदीआधी वजन पाहावे.

2023 ची हिमालयन 450 दमदार, पण 196 किलोची. 2021 ची हिरो एक्सपल्स 200 4व्ही सुमारे 158 किलोची आणि बरीच स्वस्त. पुढचे चाक 21 इंची. मात्र सीट 825 मिलिमीटर उंच. पाय टेकतात का, बसून पाहावे. चाके ट्यूबची, पंक्चरचे सामान जवळ ठेवावे. ओळखीच्याची गाडी मागून, माल लादून कच्च्यावर चालवा. मगच बयाणा द्या.