एक फुंकर आणि पाच मीटरचा बैल

आरशाजवळ जा आणि तोंड उघडून जोरात "हाऽऽ" करा. काच धुरकट झाली ना? आता मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही चकित व्हाल. अशाच "हाऽऽ"मुळे फ्रान्समधल्या एका गुहेला साठ वर्षांहून अधिक काळ कुलूप लागलेलं आहे.

ही गुहा मोंतिन्याक नावाच्या गावाजवळ आहे. फ्रान्सच्या नैऋत्येला, वेझेर नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं हे गाव इतकं लहान, की वस्ती तीन हजारांच्याही आत. पिवळसर चुनखडीच्या दगडाची घरं, मधोमध दगडी पूल आणि नदीकाठच्या काही घरांचे पाण्याच्या बाजूला निघालेले लाकडी सज्जे. दर बुधवारी सकाळी बाजार भरतो. या भागात अक्रोडाची झाडं भरपूर, त्यामुळे बाजारात अक्रोड, अक्रोडाचं तेल आणि अक्रोडाचा केकसुद्धा मिळतो. २०२० मध्ये गावाने आपलं नाव लांबवून मोंतिन्याक-लास्को केलं. लास्को हे गावाबाहेरच्या टेकडीवरच्या त्या गुहेचं नाव.

ती सापडली कशी? १९४० चा सप्टेंबर महिना, दुसरं महायुद्ध चालू. मार्सेल राविदा हा अठरा वर्षांचा मुलगा गॅरेजमध्ये काम शिकत होता. टेकडीवर एक झाड उन्मळून पडलं होतं आणि तिथे त्याला एक बीळ दिसलं. त्याचा कुत्रा त्या बिळात शिरला म्हणून ते सापडलं, असंही सांगतात. लास्कोच्या जुन्या वाड्याकडे जाणारं गुप्त भुयार या टेकडीत आहे, अशी गावात वदंता होती. तेच सापडलं असं मार्सेलला वाटलं! १२ सप्टेंबरला तो जाक, जॉर्ज आणि सिमों या आणखी तीन मुलांना घेऊन आला. सगळ्यांत धाकटा सिमों, तेरा वर्षांचा. बीळ उकरून मोठं केलं आणि मार्सेल डोकं पुढे घालून आत घसरला. मागोमाग बाकीचे. घरी बनवलेला दिवा वर धरला, तर भिंतीवरून घोडे पळत होते, हरणं होती, बैल होते.

कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. पण एवढं मोठं गुपित पोटात राहतंय थोडंच! थोड्याच दिवसांत मुलांनी गावातल्या निवृत्त शिक्षकांना, लेओं लाव्हाल यांना सगळं सांगून टाकलं. जाकने तर आई-वडिलांची मनधरणी करून गुहेच्या तोंडाशी तंबू ठोकला. कशाला? राखण करायला. पुढे तो आणि मार्सेल याच गुहेत लोकांना चित्रं दाखवायचं काम करू लागले.

ही चित्रं सतरा हजार वर्षांहून जुनी आहेत. तेव्हा शेती नव्हती, चाक नव्हतं, माणसं शिकार करून जगत. तरी एक बैल त्यांनी पाच मीटरहून लांब काढलाय, तुमच्या वर्गातल्या फळ्यापेक्षाही लांब! तो आहे ऑरॉक्स, म्हणजे रानबैल. आज तो पृथ्वीवर कुठेच नाही. या जातीची शेवटची गाय १६२७ मध्ये पोलंडमध्ये मेली.

रंग कुठले वापरले? लाल रंग होता गेरूचा. हो, तोच! वारली चित्रांची भिंत ज्याने सारवतात, कुंड्यांना जो लावतात, तो गेरू. लोखंड आणि ऑक्सिजन एकत्र येऊन तो बनतो. काळा रंग मँगनीजच्या दगडातून आला. उजेडाला प्राण्यांच्या चरबीवर जळणारे दगडी दिवे होते. आणि ब्रश? गुहेत एकही ब्रश सापडला नाही. काही ठिकाणी रंग टिपून लावलाय. काही ठिकाणी त्याच्या कडा इतक्या मऊ आहेत, की तो तोंडाने किंवा पोकळ हाडातून फुंकला असावा असं अभ्यासक सांगतात. म्हणजे त्या घोड्याच्या अंगावर कुणाचातरी श्वास रंगासकट चिकटून बसलाय. मला यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

मग इतकी हजार वर्षं ही चित्रं टिकली कशी? गुहेच्या वर पाणी न झिरपू देणाऱ्या मातीचा थर आहे आणि तोंड दगडमातीने बुजलेलं होतं. आत ना पाऊस, ना वारा.

१९४८ मध्ये गुहा लोकांसाठी उघडली. पुढे दिवसाला हजारावर माणसं येऊ लागली. प्रत्येकजण आत काय सोडत होता? आरशावर तुम्ही सोडलंत तेच! वाफ, ऊब आणि कार्बन डायऑक्साइड.

त्याने काय होतं, हे घरी बघता येतं. चुन्याच्या निवळीत थोडं साधं पाणी मिसळा आणि नळीने हळूहळू फुंका. मोठं माणूस जवळ असू द्या, आणि फक्त फुंकायचं, ओढायचं नाही! पाणी दुधासारखं होईल. शाळेतला प्रयोग इथेच थांबतो, आपण थांबायचं नाही. दम खात खात फुंकत राहा. ते पांढरं पाणी पुन्हा निवळू लागेल. जो पांढरा चुनखडक तयार झाला होता, तो तुमच्या श्वासाने विरघळवला. गुहेची भिंत चुनखडीचीच आहे. तिच्यावर श्वासाचे थेंब जमले, की तेही तिला असंच खाऊ लागतात. आणि त्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड उडून गेला, की चुनखडी परत बसते, पण भलत्याच जागी, चित्रावर पांढरी साय धरल्यासारखी. याला तिथे नावच पडलं 'पांढरा रोग'. दिव्यांच्या उजेडात भिंतीवर शेवाळं वाढलं, तो 'हिरवा रोग'.

एप्रिल १९६३ मध्ये फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा बंद केली. गावाचे पाहुणे तिच्यासाठीच येत होते, तरीही बंद केली. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो.

आज गेलात तर काय दिसतं? हुबेहूब दुसरी गुहा. पहिली प्रतिकृती १९८३ मध्ये खुली झाली, आणि २०१६ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी आणखी मोठी. लेझरने खऱ्या भिंतीचा उंचसखलपणा मोजून तो तसाच बनवला आणि कलाकारांनी त्यावर प्रत्येक प्राणी पुन्हा रंगवला. तिथे हवा तेवढा श्वास घ्या, सोडा!

खऱ्या चित्रांच्या गुहेत जायचंच असेल, तर रूफिन्याक नावाच्या दुसऱ्या गुहेत जा. तिथे विजेची छोटी आगगाडी तुम्हाला डोंगराच्या पोटात नेते. भिंतींवर शंभराहून जास्त मॅमथ, म्हणजे लोकरी हत्ती आहेत. जमिनीला गोल खळगे आहेत, गुहेत राहणारी अस्वलं हिवाळाभर झोपायची ते. भिंतीवर त्यांच्या नखांचे ओरखडे अजून आहेत!

हो, आणि ती निवळलेली निवळी फेकू नका. उघड्या पेल्यात, कुणाचा हात लागणार नाही अशी खिडकीत ठेवा. पाणी आटत जाईल तशी काचेच्या आत एक पांढरी कड उमटेल. बोट न लावता, भिंगातून बघा.